दगडावरचा विस्तव

"बोंब मार."

"कुणाच्या नावानं?"

"तुझ्या बापाच्या."

मारुतीच्या देवळापुढं होळी पेटली होती. मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या आणि उसाचं पाचट. तिच्या उजेडात सगळं गाव गोल उभं. मध्ये मी. बारा-तेरा वर्षांचं पोर. अंगात बाचा जुना सदरा, गुडघ्याच्या खाली आलेला. धाकल्या पाटलानं माझा कान धरला नव्हता. धरणार कसा? हात लावायचा नव्हता ना. त्यानं काठीचं टोक माझ्या छातीवर टेकवलं होतं.

तेव्हा आम्ही त्याला धाकलं मालक म्हणायचो. आता एकेरीत लिहितो.

शिमग्याला बोंब मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पालथा हात तोंडावर मारायचा आणि ओरडायचं. ज्याच्यावर राग त्याचं नाव घ्यायचं. चार लोक हसतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. पण पोरानं बापाच्या नावानं? बाप समोर उभा असताना?

मी तोंड उघडलं नाही. काठी रुतली.

"म्हाराच्या, जीभ झडली काय रं?"

तरी उघडलं नाही. दात दातावर धरले. छातीतून रगत आलं ते सदऱ्याला लागल्यावर मला कळलं.

बा घोंगडं पांघरून कडेला उभा होता. तापानं फणफणलेला. त्याला अंथरुणातून उठवून आणलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग काठीकडं. मग घोंगडं खाली टाकलं, पालथा हात स्वतःच्या तोंडावर नेला, आणि स्वतःच्याच नावानं बोंब मारली.

"रानबाच्या नावानं... बोऽऽऽ!"

"आजून मोठ्यानं."

बानं अजून मोठ्यानं मारली. घसा फाटला. गाव हसलं. बायका हसल्या. माझ्याबरोबर शाळेत असलेली पोरं हसली. माझ्याबरोबर म्हणतोय, पण ती आत बसकरावर, मी बाहेर पायरीवर. माझं शिक्षण चौथी, तेही पायरीवरून ऐकलेलं. लिहिताना अक्षरं चुकतील. गोष्ट चुकणार नाही.

माझा गुन्हा काय होता ते सांगतो.

आमच्या गावात एक रीत. गावाची होळी काडेपेटीनं पेटवायची नाही. ओढ्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला महारवाडा. आधी महारवाड्यात लहान होळी पेटायची. तिच्यातला विस्तव खापरात घालून आमच्या घरातला माणूस ओढ्यापर्यंत न्यायचा. ओढ्याच्या काठाला, आमच्या अंगाला, एक चपटा काळा दगड. त्या दगडावर खापर ठेवायचं आणि मागं सरायचं. सावली दगडावर पडणार नाही इतकं मागं. मग पलीकडून पाटलाचा गडी यायचा, चिमट्यानं विस्तव उचलून आपल्या खापरात घ्यायचा, आणि त्यावर गावाची होळी पेटायची. आमचं खापर दगडावरच राहायचं. विस्तव तेवढा जायचा.

विस्तवाला विटाळ नाही, असं गाव म्हणायचं. आमच्या हाताला होता.

त्या वर्षी बा तापात, म्हणून मी गेलो. निघताना बानं एकच सांगितलं, "इस्तव इझू देऊ नगं. इझला तर गावाचं वरीस वाईट जातं, आन् समदं आपल्यावर येतं."

वारं सुटलं होतं. मी दगडावर खापर ठेवलं, मागं सरलो. पाटलाचा गडी येईना. कुठं थांबला होता कोण जाणे. गोवरीवर राख धरली. लाल होतं ते काळं पडायला लागलं. मला बाचे शब्द आठवले. मी पुढं झालो, खापर उचललं आणि फुंकर घालत घालत कोरडा ओढा ओलांडला. पळत सुटलो. देवळापुढं जाऊन सगळा विस्तव पाचटाच्या बुडाला टाकला. पाचट भडकलं.

मला वाटलं, शाबास म्हणतील. खरंच वाटलं.

पेटलेली होळी विझवता येत नाही, ते पाप. म्हणून होळी तशीच राहिली, माझ्या हातची. गावानं तिला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. नारळ टाकले. पाच-पाच फेऱ्या घातल्या. हे सगळं करून झाल्यावर मला मध्ये उभं केलं.

पुढलं वर्ष मी घरात कमी बोललो. बा रोज पाटलाच्या दारात कामाला जात होता. जाताना खोकायचा. तो खोकला मला त्या बोंबेसारखा ऐकू यायचा.

पुन्हा शिमगा आला. आमच्या वाड्यातली होळी पेटली. बा खापर धुऊन ठेवत होता. आयनं भरून ठेवलेली घागर मी उचलली आणि होळीवर ओतली. सगळी. धूर झाला. म्हाताऱ्या रडायला लागल्या. चिखलात राख आणि राखेत चिखल.

पलीकडून गडी हाका मारत राहिला. कुणी गेलं नाही. शेवटी गावानं काडेपेटी काढली. होळी पेटली. आभाळ पडलं नाही. त्या वर्षी ज्वारी जशी यायची तशीच आली. फक्त आमच्या घरी आली नाही. वर्षाच्या कामाबद्दल खळ्यावर मिळायच्या त्या पेंढ्या आमच्या बंद झाल्या.

बानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. विझलेल्या होळीपाशी बसून तो म्हणाला, "तुज्या मनासारकं झालं. आता मी कुणाच्या दारात हुबा ऱ्हाऊ, ते सांग."

मी गाव सोडलं.

सांगलीला आयच्या नात्यातला एक माणूस हमाली करत होता, त्याच्याकडं गेलो. हळदीच्या बाजारात पाठ लावली ती म्हातारा होईपर्यंत. तेव्हा हळद पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार, वरून तोंड बारीक, आत माणूस उभा राहील एवढं. तोंड उघडलं की आधी कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा वाईट. मग माणूस उतरत नाही, वाट बघतो. मी लय पेवांत उतरलो. नखं पिवळी, घाम पिवळा. लग्नात आमच्या अंगाला हळद लावायची वेगळी गरज नव्हती.

ती हळद माझ्या पाठीवरून, माझ्या पायाखालून गेली. देवाला गेली. नवरीच्या गालाला गेली. पाटलांच्या घरी गेली असंल. कुणी विचारलं नाही ही कुणाच्या हातची. हळदीलाही विटाळ नाही बघा. वस्तूला कशालाच नसतो. माणसालाच असतो.

इकडं गावानं दोन-तीन शिमगे काडेपेटीवर काढले. मग माझ्या धाकट्या भावानं पुन्हा खापर उचललं. दगडावर ठेवलं, मागं सरला. बाला म्हातारपणी कुणाच्या तरी दारात उभं राहायचं होतं. हे मला कळत होतं. तरी भावाचा राग गेला नाही. त्याच्या मातीला गेलो तेव्हाही गेला नाही. माती दिली आणि मिळेल त्या गाडीनं परतलो. गावाकडं डोळे वर करून बघितलं नाही. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

औंदा माघ सरताना भावाच्या पोराचा, दत्ताचा, फोन आला.

"तात्या, शिमग्याला या. गावानं तुमचा मान ठेवलाय."

"कसला मान?"

"इस्तवाचा. औंदा तुमच्या हातनं घ्यायचा म्हणत्यात. सरपंच सोता बोलला. शाल, नारळ, समदं हाय. सरपंच म्हंजी धाकल्या पाटलाचा नातू बरं का."

मी लगेच हो म्हणालो नाही. फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घातल्या. धाकल्या पाटलाचा नातू माझ्या हातनं विस्तव घेणार. माझ्या हातनं. मला बा दिसला. घोंगडं उचलून पुन्हा खांद्यावर घेतलेला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला. नवं धोतर घेतलं. सदऱ्याला इस्त्री करून घेतली.

होळीच्या दिवशी उजाडताना सांगलीहून एस.टी. धरली. कराड, सातारा, मग फलटणच्या रस्त्याची गाडी. फाट्यावर उतरलो. दत्ता मोटरसायकल घेऊन येतो म्हणाला होता, मी नको म्हणालो. गाव सोडताना चालत सोडलं होतं, येताना चालतच यायचं होतं.

फाल्गुन असा की बघत राहावं. माळावर पळस पेटल्यासारखे लाल. काटेसावरीची फुलं रस्त्यावर पडून ट्रॅक्टरच्या चाकाखाली चिरडलेली. आमच्या वेळी कुसळं होती तिथं आता कॅनॉलचं पाणी आणि ऊस. तोड चालू होती. उसानं भरलेल्या ट्रॉल्या डुलत जात होत्या. त्यांच्या मागं पाचट उडत होतं. शाळू काढून ताटं रचलेली. बांधावरच्या आंब्याला मोहोर इतका की पान दिसत नव्हतं. लिंबाला कोवळी तांबूस पालवी. एका झाडाखाली थांबलो, वास घेतला. पोरपणी ह्या बांधावरून जाताना चपला हातात घ्यायला लागायच्या. तेव्हा चपलाच नव्हत्या हा भाग वेगळा. आता पायात बूट होते. बांधावरून मुद्दाम पाय आपटत चाललो. शेतातल्या बाईनं वर बघितलं.

"कुणाकडं जायाचं बाबा?"

"दत्ताकडं. रानबाचा थोरला मी."

"आगं बया! फोटोतलं व्हय तुमी?"

मला काही कळलं नाही. पुढं ओढ्यापाशी आलो तेव्हा कळलं.

ओढ्यावर सिमेंटचा पूल झाला होता. पुलाच्या अलीकडं, आमच्या अंगाला, तोच दगड. तो मी अंधारातही ओळखला असता. पण आता त्याला गेरू लावला होता. भोवती चुन्याची रेघ. वर रांगोळी, ठिपक्यांची, फार सुबक. आणि मागं दोन बांबूंना फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा फोटो, दत्ताच्या लग्नातला, त्याच्या सासुरवाडीला काढलेला, फेट्यातला. नावापुढं श्री. जन्मात कुणी माझ्या नावापुढं श्री लावलं नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत, 'मानाचा विस्तव.' त्याखाली सरपंचाचा हात जोडलेला फोटो, माझ्या फोटोपेक्षा मोठा.

मी बराच वेळ तो फ्लेक्स वाचत उभा राहिलो. छाती फुगली. मग दगडाकडं बघितलं आणि नकळत एक पाऊल मागं सरलो.

दत्ताचं घर पक्कं. वाड्याला आता कमान आहे, नवं नाव आहे, निळा झेंडा आहे. दत्ताची बायको सुमन पुरण वाटत होती. पाया पडली. पाणी दिलं. म्हणाली, "तात्या, तुमचा फ्लेक्स लागलाय. वरीसभर ह्यास्नी सांगत हुती, माजा एक चांगला फोटू काढा. न्हाई काढला. तुमचा मातर गावभर."

"मला विचारलं न्हाई कुणी," मी म्हणालो.

"मला तरी कवा इचारलं? कार्यक्रमाच्या दिवशी समद्यांचं जेवान मी करायचं, येवढंच सांगत्यात."

दुपारी सरपंच आला. तरणा पोरगा, दाढी कोरलेली, पांढरी पँट. दारातच वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. मी हललो. ज्या घरातून काठीचं टोक आलं, त्या घरातला हात माझ्या पायाला. तो खुर्चीवर बसला. सुमननं चहा आणला. आमच्या कपातला चहा त्यानं फुंकून फुंकून प्याला. मी बघत होतो. बदललंय, असं माझ्या मनानं म्हटलं. हट्टी म्हाताऱ्या, बदललंय, कबूल कर.

"तात्या, कार्यक्रम असा," तो म्हणाला. "दिवस मावळायच्या आदी हलगी यील. तुमी हितनं खापर घीऊन निगायचं. दगडावर ठेवायचं. तितंच शाल, नारळ. फोटो. मग आमी इस्तव घीऊन वाजत गाजत जाणार."

"आन् मी?"

"तुमी बी या की मागनं. जेवाण हाय."

"मागनं."

"म्हंजी संगं. संगंच या."

मी चहाचा कप खाली ठेवला. "एक काम करू. दगडावर कशाला ठेवायचा? आता पूल हाय. मी चालत येतो आन् होळीला माज्या हातानं लावतो."

तो हसला. मी हसलो नाही तसा थांबला.

"आवं तात्या, तसं कसं? रीत हाय ती. इतकी वर्सं जपलीय आपण."

"मान माजा हाय ना?"

"तुमचाच हाय."

"मग माजा हात कुटवर येतो, तेवढं सांग. दगडापतुर का होळीपतुर?"

तो दत्ताकडं बघायला लागला. दत्ता जमिनीकडं.

"माजं काय न्हाई तात्या," तो म्हणाला. "मी असलं काय मानतच न्हाई. आता चहा प्यालो की तुमच्यात."

"तू मानत न्हाईस. मग कोण मानतं?"

"गाव."

"गाव म्हंजी कोण? एक नाव सांग. मी जातो त्याच्याकडं. पाया पडतो त्याच्या."

त्याला नाव सांगता येईना. तो वाईट पोरगा नव्हता, हे मी लिहून ठेवतो. खरंच आठवत होता कुणाचं नाव सांगावं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत उठला, हात जोडले आणि गेला. जाताना दत्ताला म्हणाला, "बघ जरा."

तो गेल्यावर दत्ता फुटला.

"तात्या, तुमी उद्याच्या गाडीनं सांगलीला जाशीला. मला हितं ऱ्हायचंय. मी सरपंचाच्या ट्रॅक्टरवर हाय. आजा मागं सरत हुता, माजा बापू मागं सरत हुता. आमी सरत न्हाई. आमी दगडापशी हुबं ऱ्हातो, फोटोत असतो. बदललंय आता. तुमाला बघायचंच न्हाई."

"दगड हलला का, दत्ता?"

"दगड न्हाई, माणसं बघा."

"माणसंच बघतोय. माणसं दगडाला रंग दित्यात. उचलून टाकत न्हाईत."

सुमन पुरणाचा हात पुसत आत-बाहेर करत होती. ती थांबली. "मी लगीन हून आली तवापासनं एक इचार करती," ती म्हणाली. "आपल्या हितला इस्तव त्यास्नी होळीला लागतो. माज्या चुलीतला इस्तव कवा कुणी चुलीला न्हेला न्हाई. काडेपेटी संपली तरी न्हाई."

"तू गप गं," दत्ता म्हणाला.

ती गप्प झाली. पण बोलून झालं होतं.

दत्ता म्हणाला, "तुमी नका दिऊ. बसा घरात. मी दितो."

मला त्याला थांबवायचं काही नव्हतं. ते त्याचं गाव, त्याची भाकरी. बाचा प्रश्न मला तेव्हाही सोडवता आला नव्हता, आताही नाही. कुणाच्या दारात उभा राहू, असं दत्तानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? माझं दार सांगलीत आहे, तेही भाड्याचं. पण ज्या दगडापायी बाला बोंब मारावी लागली, त्याला गाव मान म्हणणार, माझा फोटो लावून म्हणणार, आणि मी त्या फोटोत हसणार? ते होणार नव्हतं.

ऊन कललं तसा मी उठलो. नवं धोतर नीट केलं. काठी घेतली. कमानीतून बाहेर पडलो, ओढ्याकाठी गेलो आणि दगडावर बसलो.

रांगोळीवरच बसलो. धोतराला रंग लागला. लागू दे.

ह्या दगडावर आमच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं. फक्त खापर बसायचं. बसल्यावर कळलं, दगड बसायला चांगला आहे. दिवसभराच्या उन्हानं ऊबदार.

हलगी वाजायला लागली. पुलाच्या पलीकडं गाव जमलं. पोरं, बायका, मोबाईल धरलेले हात. सरपंच पुढं, हातात शाल आणि नारळ. मागून दत्ता आला, दोन्ही हातांत खापर, खापरात लाल गोवरी. मला बघून जागेवर थांबला.

"तात्या, उठा."

"न्हाई."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला दगुड आवाडला! खुर्ची द्या रं त्यास्नी!" लोक हसले. एक म्हातारा आवाज आला, "ह्योच त्यो. घागर वतल्याला." म्हणजे गावाच्या ध्यानात होतं. बरं वाटलं मला.

"तात्या, पाया पडतो. लोक बघत्यात."

"बघू दे. दत्ता, हितं जागा न्हाई. म्होरं पूल हाय. पुलावरनं जा, होळीपतुर जा, आन् तुज्या हातानं लाव. तुला कुणी अडवलं तर ते समद्यांना दिसंल. न्हाई अडवलं तर मी सोता उठून सरपंचाच्या पाया पडंन. न्हाईतर मागारी फिर."

वारं सुटलं होतं. फाल्गुनातलं वारं संध्याकाळी सुटतंच. गोवरीवर राख धरायला लागली.

दत्तानं खापर सावरलं. तो माझ्यावर चिडलेला होता, ते मला दिसत होतं. तरी तो दोन पावलं पुढं झाला. पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि सरपंचाला म्हणाला, "दादा, यिऊ का?"

एवढंच. यिऊ का.

सरपंच नको म्हणाला नाही. ये म्हणाला नाही. मागं वळून लोकांकडं बघितलं. लोक त्याच्याकडं बघत होते. हलगी थांबली होती. मोबाईल धरलेला एक हात हळूच खाली झाला.

मला जे दुपारी समजावून सांगता आलं नव्हतं, ते दत्तानं त्या वेळी स्वतः ऐकलं. मी बघितलं त्याला ऐकताना. त्याचा चेहरा उतरला नाही. बंद झाला. पेवाचं तोंड बंद करतात तसा.

तो मागं फिरला. खापर दगडावर ठेवायला माझ्याकडं आला नाही. वाटेच्या कडेला मातीत ठेवलं आणि घराकडं चालायला लागला. माझ्याकडं न बघता. खापरातला विस्तव थोडा वेळ लाल राहिला. मग करडा. मग काळा.

पलीकडं गलका झाला. कुणी शिव्या दिल्या, कुणी सरपंचाला शिव्या दिल्या. शाल तशीच त्याच्या हातात. थोड्या वेळानं लोक देवळाकडं वळले. मग धूर दिसला. मग उजेड. कुणाच्या तरी खिशात लायटर असणारच. होळी पेटली. आभाळ ह्या वेळीही पडलं नाही.

आणि मग बोंब आली. एक आवाज, मग पुष्कळ. माझ्या नावानं. श्री न लावता.

मी दगडावर बसून ऐकली. बाच्या नावाची होती तेव्हा मला कान बंद करावे वाटले होते. आता नाही वाटले. मी काठी टेकून उभा राहिलो. होळीच्या दिशेला तोंड केलं. छातीत होतं नव्हतं तेवढं वारं भरून घेतलं.

"आजून मोठ्यानं!"

पलीकडं बोंब मध्येच तुटली. मग पुन्हा सुरू झालं. पण पहिल्यासारखं हसू त्यात नव्हतं.

सुमन मला न्यायला आली. म्हणाली, "चला, पोळ्या निवल्या." वाटेतलं खापर तिनं उचललं नाही. पायानं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला आलो. दत्ताचं ट्रॅक्टरवरचं काम राहिलं की गेलं, मला ठाऊक नाही. तो माझा फोन उचलत नाही. त्याचा राग खरा आहे. मी भावावर जेवढी वर्षं धरला, तेवढी वर्षं त्यानं माझ्यावर धरावा. माझी ना नाही. मी त्याची माफी मागणार नाही, आणि तो मागायचा म्हटला तरी घेणार नाही. आमच्यातल्या कुणीच ती मागायची नाही. ती मागायची आहे ओढ्याच्या पलीकडच्यांनी, आणि ते काही मागत नाहीत, म्हणून हे लिहिलं.

पुढल्या शिमग्याला मी पुन्हा जाणार. पाय चालले तर चालत. नाही चालले तर कुणाच्या गाडीत बसून. त्या दगडावर बसणार. गेरू लावा, रांगोळी काढा, माझा फोटो काढून दुसऱ्याचा लावा. मी बसणार. विस्तव पाहिजे असंल तर हातासकट न्यायचा. हात नको असंल तर विस्तव नाही.

आणि मी मेल्यावर दगड रिकामा होईल असं कुणी समजू नये. सुमननं मला निघताना विचारलं होतं, "तात्या, किती वाजता जाऊन बसला हुता तुमी?"

मी सांगितलं, "ऊन कलल्यावर."

तिनं मान हलवली. ध्यानात ठेवल्यासारखी.